लिनक्स सर्व्हर विंडोज डोमेनमध्ये जोडताना

कार्यालयातील संगणक विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीवर, म्हणजे सर्वांची खाती एकाच ठिकाणी सांभाळणाऱ्या व्यवस्थेवर (डोमेनवर) चालत असतील, तर नव्या लिनक्स सर्व्हरवर कर्मचाऱ्यांची वेगळी खाती उघडू नयेत. नोकरी सोडलेल्या व्यक्तीचे डोमेनमधील खाते त्याच दिवशी बंद होते, पण सर्व्हरवरचे खाते कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि हा धोका लहान नाही. त्यापेक्षा सर्व्हरच डोमेनचा सदस्य करावा.

जोडणीची कमांड एका ओळीची आहे. ती अडते बहुधा डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारी सेवा) किंवा घड्याळापाशी, म्हणून आधी ही दोन कामे नीट करावीत. सर्व्हरच्या डीएनएस सेटिंगमध्ये राउटरचा पत्ता न ठेवता डोमेनच्या डीएनएस सर्व्हरचा, म्हणजे बहुतेक कार्यालयांत डोमेन कंट्रोलरचाच (डोमेनची खाती सांभाळणाऱ्या सर्व्हरचाच), पत्ता द्यावा, कारण कंट्रोलर कोठे आहे हे डीएनएसमधील एसआरव्ही नोंदींवरूनच कळते. घड्याळ क्रोनी या वेळ जुळवणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने कंट्रोलरशी जुळवावे. कर्बेरॉस ही डोमेनमध्ये ओळख पटवणारी यंत्रणा मूळ सेटिंगनुसार ५ मिनिटांहून अधिक फरक स्वीकारत नाही, आणि मग पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारले जाते. सर्व्हरचे नाव १५ अक्षरांच्या आत असावे.

त्यानंतर रेल्मडी (जोडणी करणारे), एसएसएसडी (लॉगिनच्या वेळी डोमेनमधील खाती तपासणारे) आणि एडीसीएलआय (डोमेनमध्ये संगणकाची नोंद करणारे) ही पॅकेजेस बसवावीत. ‘रेल्म डिस्कव्हर’ या कमांडपुढे डोमेनचे नाव दिल्यावर डोमेनची माहिती दिसली, तरच ‘रेल्म जॉइन’ चालवावे आणि संगणक जोडण्याचा अधिकार असलेल्या खात्याचा पासवर्ड द्यावा.

येथे काम संपले असे समजू नये. जोडणी झाल्यावर मूळ सेटिंगनुसार डोमेनमधील कोणीही सर्व्हरवर लॉगिन करू शकतो, म्हणून लगेच ‘रेल्म डिनाय’ने सर्वांना मनाई करून ‘रेल्म परमिट’ने केवळ ठरावीक ग्रुपला परवानगी द्यावी. सुडोचे (ॲडमिन म्हणून कमांड चालवण्याचे) अधिकारही व्यक्तीला न देता डोमेनमधील एखाद्या ग्रुपलाच द्यावेत, म्हणजे बदली किंवा बढती झाली की डोमेनमध्ये एकच बदल पुरतो.

विंडोज वापरणाऱ्यांना याच सर्व्हरवरून फाइल शेअर करायच्या असतील, तर निर्णय जोडणीपूर्वीच घ्यावा. लिनक्सवरून विंडोजशी फाइल शेअर करणाऱ्या सांबा या प्रोग्रामच्या ४.८ आवृत्तीपासून डोमेन सदस्यावर विनबाइंड (डोमेनमधील खाती ओळखणारा सांबाचाच भाग) चालू असणे आवश्यक आहे. त्यामुळे अशा सर्व्हरसाठी एसएसएसडीऐवजी पहिल्यापासून विनबाइंड निवडणे मला अधिक योग्य वाटते. जुन्या प्रिंटर-स्कॅनरसाठी एसएमबी १ (फाइल शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल) सुरू करण्याचा आग्रह झाला, तरी तो मान्य करू नये. २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइल अडकवून खंडणी मागणारा प्रोग्राम याच प्रोटोकॉलमधील त्रुटीतून पसरला होता.

डोमेन कंट्रोलर बंद पडला तरी सर्व्हरवर जाता यावे, यासाठी ॲडमिनचे एक स्थानिक खाते ठेवावे आणि त्याचा पासवर्ड सुरक्षित जपावा.