शहरातल्या मासिकाला कोकणातला विषय सुचवताना

‘मालवणवर लेख पाठवू का?’ असं संपादकांना विचारू नका. मालवण हे ठिकाण झालं, विषय नव्हे. सिंधुदुर्ग किल्ला, स्कूबा आणि सोलकढी त्यांनी कितीदा तरी छापली आहे.

त्यापेक्षा रापणीचं लिहा. होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं सोडते, मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरची माणसं मिळून ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. कोणाला किती वाटा, हे ठरवतं कोण? विषय इथे सुरू होतो. यांत्रिक बोटींतून माशांचा अख्खा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारने २०१६ मध्ये निर्बंध घातले, ते का घालावे लागले हे रापणकराच्या तोंडून ऐका. त्याच्याशी बोलणं झालं असेल तर ईमेलमध्ये तसं स्पष्ट लिहा. मुंबईत बसलेल्या लेखकाकडे नेमकं हेच नसतं, आपल्याकडे असतं.

ईमेल दीडशे शब्दांत संपवा. काय, कोण, आत्ताच का, आणि फोटो कोण काढणार. अख्खा लेख जोडू नका.

‘आत्ताच का’ला मी फार महत्त्व देते. मासिकाचा अंक दोन-तीन महिने आधी ठरतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची तर फेब्रुवारी-मार्च उजाडतो, म्हणून तो विषय नोव्हेंबरातच पाठवा. शिमग्याच्या पालख्यांचा दिवाळी आटोपली की लगेच. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, तेव्हा रापण बघायला मिळणार नाही, हेही सांगून ठेवा; नाहीतर वाचक जुलैत येऊन हिरमुसतील.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. रत्नागिरी-राजापूरकडची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, पण त्यातली बरीचशी खासगी सड्यांवर, म्हणजे कातळाच्या माळांवर, जमिनीतच कोरलेली आहेत. नेमकी वाट छापायची का, हे विषय सुचवण्याआधी जागामालकाला आणि गावाला विचारा. ते नको म्हणाले तर संपादकांना पहिल्याच ईमेलमध्ये कळवा. चित्रांवरून चपला घालून फिरणारी माणसं आपल्या लेखामुळे तिथे पोचता कामा नयेत.

उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, मग दुसरीकडे पाठवा. एकच विषय एकाच वेळी दोघांना नको. होकार आला की मानधन, शब्दसंख्या आणि प्रवासखर्च लिहायला बसण्याआधी लेखी ठरवून घ्या. वेंगुर्ल्याहून वेळासला जाऊन यायचं म्हणजे मुक्काम आलाच, त्याचे पैसे मागायला संकोचू नका.