जुना घोड्यांचा ट्रेलर दुरुस्त करावा की सोडून द्यावा? या चुका टाळा

जुना ट्रेलर स्वस्तात मिळू लागला की नजर आधी पत्र्यावर आणि रंगावर जाते, आणि बहुतेकांचा हिशेब तिथेच चुकतो. रंग, दिवे, कड्या-कोयंडे, आतल्या गाद्या केव्हाही बदलता येतात. पण चासी (खालचा पोलादी सांगाडा), तळ आणि ॲक्सल (चाके जोडणारा आस) ठीक नसतील तर बाकीचा सगळा खर्च पाण्यात जातो. सवारीचा घोडा साधारण 450 ते 550 किलो वजनाचा असतो. धावत्या ट्रेलरमध्ये तोल सावरताना तो हे वजन सतत एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत असतो आणि तळ खचला तर त्याचा पाय थेट रस्त्यावर जातो. त्यामुळे पाहणीची सुरुवात खालूनच व्हायला हवी.

रबरी मॅट न उचलता तळ पाहणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मॅट जड असतात, कधी चिकटलेल्या असतात, म्हणून त्या उचलण्याचा कंटाळा केला जातो. लघवी मात्र नेमकी त्यांच्याच खाली झिरपते आणि तिथली ओल वाळत नाही. लाकडी फळी वरून टणक दिसत असली तरी खालून कुजलेली असू शकते. म्हणून मॅट बाहेर काढून वरून पाहावे, मग ट्रेलरखाली शिरून फळ्यांची टोके आणि फळी ज्या आडव्या पट्टीवर टेकते ती जागा स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहावी. पाते सहज आत गेले तर ती फळी संपली असे समजावे. फळ्या बदलणे तुलनेने सोपे काम आहे, त्यामुळे केवळ तळ कुजला म्हणून ट्रेलर नाकारण्याचे कारण नाही. मात्र फळ्यांच्या जागी साधे प्लायवूड ठोकण्याचा मोह टाळावा. ओलीने त्याचे थर सुटतात, शिवाय फळ्यांमधल्या फटींतून होणारा निचराही बंद होतो.

तळ ॲल्युमिनियमचा असेल तर कुजण्याची भीती नाही, पण लघवीने तोही झिजतो. मॅटखाली पांढरी भुकटी आणि बारीक खड्डे दिसले तर जागा घासून पत्रा किती उरला आहे ते तपासावे. ॲल्युमिनियम जिथे पोलादी चासीला थेट टेकते तिथे ओलीमुळे ही झीज अधिक वेगाने होते, त्यामुळे तो सांधा खालूनही न्याहाळावा.

सगळा गंज सारखाच समजणे

पृष्ठभागावरचा तांबूस थर घासून काढता येतो. पापुद्रे सुटू लागलेले पोलाद मात्र आतून पातळ झालेले असते. हातोडीने हलकेच ठोकत गेल्यास निरोगी पोलाद खणखणीत वाजते आणि गंजलेले बद्द आवाज देते. आडव्या पट्ट्या, दोन घोड्यांमधल्या आडोशाचा खांब तळाला मिळतो ती जागा, मागच्या दाराच्या बिजागऱ्यांखालची कड आणि पुढचा त्रिकोणी दांडा या जागा आधी पाहाव्यात. बाकी ट्रेलर जुनाट आणि खालची बाजू तेवढी ताज्या काळ्या रंगाची असेल, तर त्या रंगाखाली काय आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

एखाददुसरी आडवी पट्टी गेली असेल तर कुशल वेल्डर ती बदलून देतो. लांबीच्या दोन मुख्य पट्ट्याच पातळ झाल्या असतील, तर माझ्या मते तो ट्रेलर सोडून द्यावा. दार नीट लागत नसेल तर दोष बिजागरीचाच असतो असे नाही, चासी पिळलेलीही असू शकते. सपाट जागेवर ट्रेलर उभा करून चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत ठळक फरक आला तर शंका खरी आहे.

चाके फिरतात म्हणजे ॲक्सल चांगला, असे मानणे

पाट्यांचा (स्प्रिंगच्या पट्ट्यांचा) ॲक्सल असेल तर पाटे आणि ते चासीला जोडणारे बुश व शॅकल सुटे बदलता येतात. टॉर्शन ॲक्सलमध्ये नळीच्या आत दाबून बसवलेले रबर भार झेलते. ते वयाने कडक झाले किंवा दबले की सहसा अख्खा ॲक्सलच बदलावा लागतो. टायर आतल्या कडेला जास्त झिजला असेल तर ॲक्सल वाकल्याची किंवा दबल्याची शक्यता धरावी. टायरची नक्षी पाहून फसू नये, कारण उभ्या ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच वयाने तडकतात. टायरच्या बाजूवरील निर्मिती-क्रमांकाचे शेवटचे 4 अंक टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात, उदाहरणार्थ 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. टायर 5-6 वर्षांहून जुने असतील तर नव्या टायरचा खर्च हिशेबात धरावाच.

आकाराचा विचार शेवटी करणे

गंज काढता येतो, छत उंच करता येत नाही. अनेक जुने ट्रेलर बुटके आणि अरुंद असतात. डोके छताला लागणारा किंवा पाय फाकवून तोल सावरू न शकणारा घोडा पुढच्या वेळी आत चढायलाच नकार देतो आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो. तळापर्यंत येणारा मधला आडोसा बदलून पायांना जागा देता येते, पण उंची कमी असेल तर मोठ्या घोड्यासाठी तो ट्रेलर घेऊच नये.

हिशेब चुकीच्या किमतीशी जुळवणे

दुरुस्तीच्या खर्चाची तुलना नव्या ट्रेलरशी केली की दुरुस्ती नेहमीच स्वस्त वाटते. तुलना चांगल्या स्थितीतल्या वापरलेल्या ट्रेलरशी करावी. तळ, वेल्डिंग, ॲक्सल, ब्रेक, टायर आणि वायरिंग यांचा लेखी अंदाज रंगकामाआधी घ्यावा. कमाल वजनाची पाटी शाबूत आहे का तेही पाहावे, कारण कमाल वजनातून रिकाम्या ट्रेलरचे वजन वजा केल्यावर जे उरते तेवढाच भार घोडे आणि सामान मिळून नेता येतो, आणि जाड फळ्या व नव्या मॅटमुळे हा आकडा आणखी घटतो.

दुरुस्तीनंतर रिकामा ट्रेलर थोडे अंतर ओढून थांबावे आणि प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मध्यभागाजवळ) हात नेऊन पाहावा. एखादा हब इतरांपेक्षा स्पष्टपणे गरम असेल तर तिथले बेअरिंग किंवा चिकटून राहिलेला ब्रेक दुरुस्त होईपर्यंत घोडा आत चढवू नये.