खेड्यात घर घेताय? आधी फेब्रुवारीत जाऊन या

इंग्लंडमध्ये लेस्टर-स्लाउसारख्या शहरातलं छोटं घर सोडून श्रॉपशर किंवा डेव्हनच्या एखाद्या निवांत गावात राहायला जायचं मनात आलं, की लगेच एजंटला फोन करू नका. आधी कागद घ्या आणि आपल्या नावावर जगात कुठंकुठं घर आहे ते लिहून काढा. कोथरूडचा फ्लॅट आला, ठाण्याच्या घराला आईबरोबर लागलेलं नावही आलं. इंग्लंडमध्ये स्टॅम्प ड्यूटी ठरवताना परदेशातली घरंही धरतात. तुमचा हिस्सा ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचा असेल तर नवं घर ‘दुसरं घर’ ठरतं, आणि नवराबायकोचा हिशोब एकत्रच होतो. एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी साडेतीन लाख पौंडांच्या घरावर आयुष्यातलं पहिलं घर घेणारा २,५०० पौंड भरतो, एरवी ७,५०० लागतात आणि दुसरं घर असणाऱ्याला २५,०००. राहतं घर विकून नवं घेतलंत तर हा जादा भार नाही. वडील भारतातून पैसे पाठवणार असतील तर बँकेचे उतारे आणि बक्षीसपत्राची तयारी आताच करा. पैसा कुठून आला हे सॉलिसिटर (घरखरेदीचं काम बघणारा वकील) खोदून खोदून विचारतो, त्यात अपमान मानू नका. रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, तेव्हा तारखा बघून पाठवा.

मग गाव बघा, पण भर उन्हाळ्यात नाही. वेली फुललेल्या असताना कुठलंही गाव सुंदरच दिसतं. फेब्रुवारीत, पावसाच्या दिवशी, अंधार पडल्यावर गाडी घेऊन जा. रस्त्यावर दिवे नसतात, दोन्ही बाजूंना उंच कुंपणं आणि समोरून ट्रॅक्टर आला की मागे घेत जायचं. ते जमतंय का, रोज जमेल का, हे तिथंच कळतं. बस दिवसातून दोनचार, रविवारी बहुधा नाहीच, म्हणून घरातल्या दोघांनाही गाडी चालवता आली पाहिजे. भारतीय लायसन्सवर इथं राहायला आल्यापासून बाराच महिने चालवता येतं. घराच्या आत उभं राहून मोबाइलला रेंज येते का बघा आणि ब्रॉडबँड फायबरचं आहे की जुन्या तांब्याच्या तारेचं, ते विचारा. शेतात खत टाकायचे दिवस आले की वास येणारच, चर्चची घंटा वाजणारच. त्याबद्दल नंतर तक्रार करणाऱ्याला गावात फारशी सहानुभूती मिळत नाही, आणि खरं सांगायचं तर मिळूही नये.

घराच्या बाबतीत खोल्यांपेक्षा जमिनीखाली काय आहे ते आधी विचारा. पुष्कळ गावांत गॅसची लाइन नाही. हीटिंग केरोसीनवर चालतं, बागेत त्याची टाकी असते आणि टँकर किमान ५०० लिटरच्या खाली सहसा येत नाही. टाकी किती जुनी आहे, तडा आहे का, हे पाहून घ्या. स्वयंपाक इंडक्शनवर किंवा सिलिंडरवर होईल. भाकरी आचेवर फुगवायची सवय असेल तर शेगडी कुठली आहे ते आधीच बघा. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर पुढे ते कुठं सोडलंय हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. थेट ओढ्यात किंवा चरात सोडणं जानेवारी २०२० पासून चालत नाही, आणि ते बदलायचा खर्च हजारो पौंडांत जातो. तो कोण करणार हे किंमत ठरवतानाच बोलून घ्या.

जुनं घर ‘लिस्टेड’ (जतन करायच्या वास्तूंच्या यादीतलं) असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागू शकते. विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे, आणि आधीच्या मालकानं केलेलं बेकायदा काम पूर्ववत करायची नोटीस नव्या मालकावरही निघू शकते. अशा घराला लेव्हल तीनचा सर्व्हे, म्हणजे सर्वांत सविस्तर तपासणी, करून घ्या. बाकी कुठं हात आखडलात तरी चालेल, इथं नको. जुन्या वाड्यांसारख्याच या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. कुणी वरून सिमेंटचा गिलावा मारला असेल तर ओल आतच कोंडते. छपराला गवताचं शाकारणं असेल तर विम्याचा दर आधी काढा, आवडीनिवडीचं नंतर.

सॉलिसिटरला आणखी तीन गोष्टी मुद्दाम विचारायला सांगा. बागेतून सार्वजनिक पायवाट जाते का? जात असेल तर ती बंद करता येत नाही, रविवारी लोक कुत्री घेऊन जाणारच. घर पूर्वी कौन्सिलचं (स्थानिक प्रशासनाचं) होतं का? ग्रामीण भागातली अशी काही घरं त्याच परिसरात तीन वर्षं राहिलेल्या किंवा काम केलेल्यालाच विकता येतात. आणि चर्चच्या दुरुस्तीचा खर्च मालकानं द्यायचा, असा जुना बोजा घरावर आहे का? हसू नका. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलोच्या एका दांपत्याविरुद्ध २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन असाच निकाल लागला होता. पुराचा धोका मात्र सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून फुकट कळतो, त्याला सॉलिसिटर लागत नाही.

ऑफर मान्य झाली म्हणून पेढे वाटू नका. सही केलेल्या करारांची अदलाबदल होईपर्यंत विकणारा दुसऱ्याला जास्त भावात घर देऊ शकतो आणि तुम्हीही मागे फिरू शकता. अदलाबदलीला साधारण दहा टक्के रक्कम जाते, आणि घराचा विमा चावी मिळाल्यावर नाही, त्याच दिवसापासून सुरू करायचा.

किल्ली हातात यायच्या आठवड्यात केरोसीन मागवा, डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, नावं घाला (औषधांचं दुकान मैलाहून लांब असेल तर काही गावांत सर्जरीतूनच औषधं मिळतात) आणि कचऱ्याचे वार विचारा. कढीपत्ता, ओला नारळ, नाचणीचं पीठ जवळच्या मोठ्या शहरातून एकदम आणावं लागेल, म्हणून फ्रीजर मोठा घ्या. पॅरिश कौन्सिलच्या (आपल्या ग्रामपंचायतीसारखी गावाची समिती) बैठकीची तारीख गावातल्या फलकावर लावलेली असते, ती टिपून ठेवा. शेजारच्या शेतात घरं बांधायचा अर्ज आला तर त्याची पहिली चर्चा बहुधा तिथंच होते.