कोठ्यातली मांजर आणि घरातली मांजर: दोघींचं जमवायचं कसं

विदर्भातल्या बहुतेक शेतकरी घरांत मांजर आधीपासूनच असते. ती कोठ्यात झोपते, कुटारात पिलं घालते, पोत्यांजवळचे उंदीर धरते. अडचण येते ती नागपूर-अमरावतीहून कोणी बंद घरात वाढलेली मांजर आणतं तेव्हा. "भांडतील दोन दिवस, मग होतील सरळ" म्हणून दोघींना समोरासमोर सोडलं, की काम बिघडलंच समजा. मांजर दुसरीला वासावरून ओळखते आणि आपली जागा जिवापाड राखते. पहिल्याच भेटीत जुंपली तर ती भीती महिनोन्‌महिने जात नाही.

आधी दवाखाना

घरातली मांजर उंबऱ्याबाहेर जात नसली तरी तिला लस लागते. पॅनल्युकोपेनिया या उलटी-हगवणीच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत, कापडात वर्षभर टिकू शकतो आणि चपलांवरूनही घरात येतो. त्यावरची आणि सर्दीच्या दोन विषाणूंवरची लस एकत्रच मिळते: पहिली आठ-नऊ आठवड्यांच्या वयात, पुढची तीन-चार आठवड्यांनी. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर, मग दरवर्षी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य काम गुरांचं असतं, म्हणून मांजरीची लस आहे का हे फोन करून विचारून मगच निघा.

पाच-सहा महिन्यांच्या झाल्या की दोघींची नसबंदी करून घ्या. गाभण मांजर साधारण 63 ते 65 दिवसांत विते आणि दूध पाजत असतानाच पुन्हा माजावर येऊ शकते. नसबंदी न केलेला बोका दारं-भिंतींवर मूत मारतो, रात्र-रात्र भटकतो, आणि भांडणातल्या चाव्यांतून एफआयव्ही हा अंगातली रोगाशी लढायची ताकद मोडणारा रोग घेऊन येतो.

बाहेरची उंदीर खाते, त्यामुळे तिला दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या, त्याच दिवशी घरातलीलाही द्या. मात्रा वजनावर ठरते. मांजरीला झाकणाच्या टोपल्यात घालून धान्याच्या काट्यावर ठेवा आणि टोपल्याचं वजन वजा करा. पिसवा-गोचिडांसाठी गुरांचं किंवा कुत्र्याचं औषध मांजरीला कधीच लावू नका. त्यात बहुधा असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजरीच्या यकृताला पचवता येत नाही. थरथर सुटते, झटके येतात, मांजर दगावते. गोचिडांवरची डेल्टामेथ्रिन आणि अमिट्राझ ही औषधंही तितकीच वर्ज्य.

ओळख करून देणं

नवीन मांजरीला एक खोली द्या, दार लागणारी. खाणं, पाणी, शीचं घमेलं, लपायला एक खोका, सगळं आतच. किमान दोन आठवडे दोघींनी एकमेकींना पाहायचंही नाही. एखादा रोग अंगात दबलेला असेल तर तोही या दिवसांत बाहेर पडतो. जेवत्या-खेळत्या झाल्या की वासाची ओळख सुरू करा. जुनं धडुतं एकीच्या गालांवर, कानांपुढे हलकं फिरवा आणि दुसरीच्या जेवणाच्या ताटलीखाली ठेवा. हुंगून खात बसली तर ठीक. फिस्कारून लांब गेली तर धडुतं दोन हात दूर ठेवा आणि रोज थोडं जवळ आणा.

मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघींना एकाच वेळी जेवू घाला. ते जमलं की दाराला मच्छरजाळी नव्हे, लोखंडी बारीक जाळी लावा. नायलॉनची जाळी नखांनी पहिल्याच दिवशी फाटते. जाळीआड शांतपणे जेवू लागल्या की छपरीत पाच-दहा मिनिटं भेटू द्या. छपरी यासाठी चांगली, की ती ना पूर्ण कोठ्याची ना पूर्ण घराची, आणि दोघींना पळायला वाट असते. फिस्कारणं चालतं. पण कान मागे चिकटले, नजर रोखलेली, शेपूट आपटतेय, तर मधे पुठ्ठा सरकवा. हाताने उचलू नका. चवताळलेली मांजर समोर येईल त्याला चावते, मग तो पोसणारा का असेना.

चावली किंवा ओरबाडलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. हळद-चुना भरून घरी बसू नका.

रोजचं

बाहेरून आलेली मांजर अनोळखी वास घेऊन येते, म्हणून रोज पाहणारी घरातलीही कधी तिच्यावर गुरगुरते. ती आली की ओल्या फडक्याने पुसा, पंजे आणि मानेखाली गोचिडं बघा, अर्धा तास छपरीत बसू द्या, मगच आत घ्या. दवाखान्यातून आलेलीलाही एक रात्र वेगळं ठेवा.

शीसाठी दोघी असतील तर तीन घमेली, वेगवेगळ्या कोपऱ्यांत, आणि जेवणापासून लांब. तीन बोटं जाड वाळू पुरते. भंडारा-गोंदियाकडे धानाचा तूसही चालतो, पण तो पायांना चिकटून घरभर होतो. शी रोज काढाच, कारण त्यातले टोक्सोप्लाझ्मा नावाचे, पोटातल्या बाळाला घातक जंतू एक ते पाच दिवसांनी लागण करण्याजोगे होतात. घरात गर्भवती बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करावं. घमेलं साबण आणि गरम पाण्याने धुवा. फिनाईल नको, ते मांजरीला विषारी आहे.

दूध-पोळीवर मांजर पोसत नाही. तिला मांसातलं टॉरिन हे पोषकद्रव्य लागतं, नाहीतर नजर आणि हृदय बिघडतं. चार किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण 60 ग्रॅम कोरडं तयार खाद्य पुरतं. त्यातलं अर्धं कमी करून साठ-सत्तर ग्रॅम उकडलेलं चिकन पाण्यासकट दिलं तरी चालतं. मीठ, कांदा, लसूण न घालता. नुसत्या चिकनवर मात्र कॅल्शियम कमी पडतं. ताटल्या वेगळ्या, वेळ एकच. खाऊ घातलं की मांजर उंदीर धरत नाही, हा समज चुकीचा आहे.

मे महिन्यात पत्र्याखालची खोली भट्टी होते. लांब केसांची पर्शियन दुपारी तिथे कोंडली तर जगणार नाही. तिला कूलरजवळ, फरशीवर ठेवा. तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागली तर पोट आणि पंजे साध्या पाण्याने भिजवा, बर्फ नको, आणि लगेच डॉक्टर गाठा.

सूर्यास्तानंतर दोघी आत. रात्री बिबट, कुत्री आणि बोक्यांची भांडणं, सगळंच असतं. ताडोब्याच्या आसपासच्या गावांत तर ही शिस्त मोडूच नका. संध्याकाळचं जेवण आतच दिलं की बाहेरची आपणहून येते.

पऱ्हाटीवर फवारणी असेल तो आणि पुढचा दिवस बाहेरचीला कोंडून ठेवा. औषध अंगावरच्या केसांत बसतं आणि ती चाटून पोटात घेते. लाळ गळणं, डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक होणं, थरथर दिसली तर हातमोजे घालून साबणाने अंग धुवा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखान्यात पोहोचा; त्यावरचं नाव वाचून डॉक्टर ॲट्रोपीन हा विषावरचा उतारा द्यायचा की आणखी काही, ते ठरवतात.