जुनी डायरी वाचताना स्वतःची बाजू घ्या

जुन्या डायऱ्या रात्री उघडू नका. दमलेलं मन दुसऱ्याला एक वेळ माफ करेल, स्वतःला नाही. सुट्टीच्या सकाळी अर्धा तास मोकळा ठेवा आणि एका बैठकीत एका महिन्याच्या नोंदी, त्याहून जास्त नाहीत. जे दुःख अजून ओलं आहे, त्या काळातली वही तूर्त कपाटातच राहू द्या.

डायरीत सगळं आयुष्य नसतं. बरे दिवस जगण्यात जातात. पेन हातात येतं ते बहुधा काहीतरी सलत असताना. सलग पानं वाचली की आपण सदा रडतच होतो असं वाटायला लागतं. म्हणून मजकुराबरोबर तारखाही बघा. मधल्या कोऱ्या दिवसांत काय चाललं होतं, ते आठवून पाहा.

शिवाय तेव्हा लिहिणारीला पुढचं पान ठाऊक नव्हतं. शेवट कळल्यावर 'हे आधीच दिसायला हवं होतं' असं वाटतंच. मानसशास्त्रज्ञ बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून ते दाखवलं होतं. माझ्या एका वहीत नोकरी सोडावी की नाही यावर पानंच्या पानं आहेत. 'इतकं साधं कळत नाही मला' या वाक्याखाली दोन रेघा, पेन इतकं दाबलेलं की पानामागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. मी ते खोडलं नाही. वेगळ्या कागदावर तेव्हाच्या मला लिहिलं: 'वडिलांचं आजारपण, घराचा हप्ता, सगळं एकदम अंगावर आलं होतं. घाई केली नाहीस, बरं केलंस.' खाली आजची तारीख घातली आणि चिठ्ठी त्याच पानात ठेवली.

तुम्हीही अशी चिठ्ठी लिहा, जिवलग मैत्रिणीला लिहाल त्या सुरात. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्वतःविषयीच्या करुणेची तीन अंगं मांडली: स्वतःशी मायेनं वागणं, असं माणसांचं होतंच हे ओळखणं, आणि दुःख न दाबता, न फुगवता बघणं. यात दुसरं अंग आपण सहज विसरतो. पण माया म्हणजे पांघरूण घालणं नव्हे. कुणाला दुखावलं असेल तर चिठ्ठीत तेही स्पष्ट लिहा.

तीच तक्रार पुन्हा पुन्हा दिसली, तर समासात पेन्सिलीनं बारीक खूण करा. महिना वाचून झाला की खुणांमधली एकच निवडा आणि त्यावर या आठवड्यात करता येईल असं एखादं छोटं काम ठरवा. वाचताना गुदमरायला झालं तर वही मिटून चालायला जा. तसं वारंवार होत असेल, तर ती पानं समुपदेशकासोबत वाचा.