वसतिगृह सगळ्यांना वापरता येईल असं कसं करावं?

जुन्या वसतिगृहात 'दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सोय' करायचं ठरलं की आधी गवंड्याला बोलावलं जातं. त्याला जरा थांबवा. मोजायची टेप, खडू आणि एक उसनी व्हीलचेअर मिळवा आणि फाटकापासून निघा. खोली, बाथरूम, मेस, अभ्यासिका, नोटिसबोर्ड, संध्याकाळी सगळे जमतात तो कट्टा, असा विद्यार्थ्याचा अख्खा दिवस त्या खुर्चीवरून फिरून बघा. चाक अडेल तिथे फुली मारा. रोज खुर्ची वापरणारं कोणी सोबत असेल तर फारच उत्तम, कारण आपल्याला न दिसणारा अर्ध्या इंचाचा उंचवटा त्यांना लगेच कळतो. वाटेत एक पायरी राहिली तरी तिच्या पुढची सगळी सोय वाया जाते.

आधी जागांची अदलाबदल

बऱ्याच जुन्या इमारतींत तळमजल्यावर कार्यालय आणि कोठार असतं, आणि अभ्यासिका व टीव्हीची खोली वर. लिफ्टचा खर्च काढण्याआधी हीच मांडणी उलटी करता येते का ते बघा. सगळ्यांनी मिळून वापरायच्या जागा खाली आणा. राहण्याच्या दोन-तीन खोल्याही खाली ठेवा, पण वॉचमनच्या खोलीला चिकटलेली, एकट्याने राहायची 'खास खोली' नको. मित्रांच्या खोल्यांच्या रांगेतच ती असू द्या.

रॅम्प

उताराचं प्रमाण एकास बारा. जोतं दीड फूट उंच असेल तर रॅम्प अठरा फूट लांब हवा. जागा नाही म्हणून दोन पायऱ्यांवर चार फुटांचा रॅम्प टाकलेला मी पाहिला आहे. त्यावरून खुर्ची चढवायला मागून दोघे लागायचे आणि उतरताना समोरून एक. इतकी लांबी सरळ रेषेत बसत नसेल तर मध्ये सपाट टप्पा घेऊन वळवा. रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा, आणि वर पत्रा किंवा छप्पर. गुळगुळीत कोटा किंवा पॉलिश केलेला ग्रॅनाइट पावसाळ्यात घसरतो, म्हणून खरबरीत फरशी वापरा.

बाथरूमचा उंबरठा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण इथे चुकलं तर माणसाला दर वेळी दुसऱ्याची मदत मागावी लागते. पाणी बाहेर येऊ नये म्हणून आपल्याकडे दारात दोन-तीन इंचांची पट्टी बसवतात. ती काढा आणि पाणी उताराने अडवा: नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी निचरायच्या तोंडाकडे, फुटाला पाव इंच उतार, शिवाय दारापाशी आडवी जाळीची नाली, जाळीच्या फटी अर्ध्या इंचापेक्षा लहान.

दार उघडल्यावर 900 मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट, मोकळी जागा मिळायला हवी. नेहमीच्या अडीच फुटी चौकटीतून खुर्ची कशीबशी गेली तरी बोटं सोलवटतात. दार बाहेर उघडणारं हवं: आत कोणी पडलं आणि दार आत उघडणारं असलं, तर पडलेल्या माणसामुळेच ते उघडत नाही. आत खुर्ची फिरायला 1500 मिलिमीटर व्यासाचं मोकळं वर्तुळ लागतं. ते खडूने फरशीवर काढा आणि बादली ठेवायची कुठे तेही तेव्हाच ठरवा, नाहीतर ती नेमकी त्या वर्तुळातच येऊन बसते. आधाराचे दांडे टाइल्सवर नुसते स्क्रूने लावू नका. भिंतीत पक्के बसवा, कारण अंगाचा सगळा भार त्यांच्यावर येतो.

मेस आणि कट्टा

बाक जोडलेली स्टीलची टेबलं मेसमध्ये सर्रास दिसतात. त्यातल्या काहींचे बाक कापून जागा मोकळी करा, आणि ती टेबलाच्या मधोमध करा. कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून जेवायला कोणालाच आवडत नाही. खुर्चीवरचा मुलगा ताट मांडीवर ठेवून नेतो आणि वाटीत गरम आमटी असते. त्यामुळे वाढपाच्या खिडकीपासून टेबलापर्यंतची फरशी सपाट हवी आणि खिडकीचा ओटा अडीच फुटांच्या आसपास हवा. कट्टा बांधताना मध्ये तीन-साडेतीन फुटांची फट सोडा, म्हणजे खुर्ची गप्पांच्या घोळक्यातच उभी राहते.

व्हरांड्यात उघडणारी खिडकीची दारं आठवणीने बदला. अंध विद्यार्थ्याची पांढरी काठी जमिनीवरचा अडथळा सांगते, तोंडासमोर आलेली झडप सांगत नाही. पायऱ्यांच्या कडांना ठळक वेगळ्या रंगाची पट्टी लावा. कर्णबधिर मुलांसाठी आगीच्या घंटेसोबत लुकलुकणारा दिवा हवा.

विश्वस्तांनी खर्चाचं विचारलं तर

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा आहे. त्यानुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव आहेत. प्रवेश मिळालेल्या मुलाला राहायला जागाच नसेल तर त्या जागेचा उपयोग काय, हे बैठकीत स्पष्ट विचारा. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना जागा सहज वापरता याव्यात यासाठीचे, निकष नुसते शिफारसवजा ठेवून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत, असं केंद्राला बजावलं आहे.

काम झाल्यावर तीच व्हीलचेअर घेऊन पुन्हा फाटकापासून निघा, शक्यतो पावसाच्या दिवशी. रॅम्पच्या तोंडाशी दुचाकी लागलेली आहे का ते बघा. असेल तर तिथे पिवळे पट्टे मारून घ्या आणि रेक्टरच्या रोजच्या फेरीत ती जागा तपासायचं काम घाला.