बॅलेची शाळा निवडताना आधी जमीन बघा

बॅलेची शाळा बघायला गेलात की भिंतीवरच्या ढाली-करंडकांकडे पाठ करा आणि खाली बघा. जमीन कसली आहे? उडी मारून खाली येताना शरीराच्या वजनाच्या काही पट भार पायावर पडतो, आणि वाढत्या वयातली हाडं तो आठवड्यातून तीन-चार दिवस झेलत असतात. त्यामुळे जमीन थोडी दबणारी हवी. लाकडी फळ्यांखाली पोकळी किंवा फोम असतो आणि वर न घसरणारं विनाइल अंथरलेलं असतं, त्याला स्प्रंग फ्लोअर म्हणतात. बूट काढून टाच आपटून बघा. आवाज पोकळीतून आल्यासारखा आला आणि दणका गुडघ्यापर्यंत चढला नाही, तर ठीक. फरशीवर किंवा काँक्रीटवर नुसतं विनाइल चिकटवून उड्या शिकवणारी शाळा मी बाद करतो, शिक्षक कितीही नावाजलेले असोत.

मी नाचणारा माणूस नाही. ठेक्यावर टाळी वाजवायची म्हटली तरी माझी चुकते. पण लेक लहानपणापासून बॅले शिकतेय, आणि बाकावर बसून बघता बघता बऱ्याच गोष्टी न शिकताही कळायला लागतात. वार्षिक कार्यक्रम बघून शाळा ठरवू नका. तिथे पोशाख, दिवे आणि टाळ्या असतात, शिकवणं कुठेच दिसत नाही. साध्या आठवड्यातला साधा वर्ग बघू द्या म्हणावं. रोज बसू देत नाहीत ते बरोबरच आहे, आई-बाप समोर असले की मुलांचं लक्ष उडतं. पण एकदाही बघू न देणारी शाळा नको.

वर्गात गेलात की गुडघे बघा. बॅलेत पावलं बाहेरच्या दिशेला वळवतात, त्याला टर्नआउट म्हणतात. हे वळण खुब्यातून यायला हवं. प्रत्येकाच्या खुब्याची ठेवण जन्मजात वेगळी असते, म्हणून सगळ्यांची पावलं एका सरळ रेषेत येत नाहीत, आणि यायलाही नकोत. मूल बार, म्हणजे भिंतीलगतचा आडवा दांडा, धरून प्लिए करतं, म्हणजे गुडघे वाकवून खाली जातं, तेव्हा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर राहिला पाहिजे. पावलं पार बाजूला, गुडघे मात्र पुढे, तळव्याची कमान आत कोसळलेली, असं दिसलं तर ते मूल जमिनीच्या घर्षणाचा आधार घेऊन पाऊल ओढतंय आणि पीळ गुडघ्याला बसतोय. अशा वेळी शिक्षिका काय करतात त्यावर शाळा ओळखा. ‘अजून उघड, अजून’ म्हणतात, की जवळ जाऊन ‘पावलं थोडी आत घे, आधी खुब्यातून वळव’ म्हणतात? दुसरं वाक्य ऐकू आलं, की निम्मं काम झालं समजा.

तीन ते सहा-सात वर्षांच्या मुलांना बारपाशी तासभर उभं करणारी शाळाही नको. त्या वयात उड्या, पळणं, संगीत ऐकून थांबणं, एवढं पुरे. शिस्तशीर तंत्र सात-आठच्या पुढे.

पद्धत कोणती, हे विचारा. रशियन वागानोव्हा, इटालियन चेकेट्टी, डॅनिश बोर्नोनव्हिल, अमेरिकेतली बॅलन्शिनची, आणि लंडनच्या रॉयल अकादमी ऑफ डान्सचा अभ्यासक्रम, म्हणजे आरएडी. ही संस्था 1920 सालची. अमुक पद्धत श्रेष्ठ, या वादात पालकांनी पडू नये. शिक्षिकेला ती पद्धत कुठे शिकवली गेली आणि शिकवण्याची पात्रता कोणाकडून मिळाली, हे मात्र बिनधास्त विचारावं. स्वतः उत्तम नाचणं आणि आठ वर्षांच्या मुलाला शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरएडीच्या परीक्षा ग्रेड 1 ते 8 अशा चढत जातात, आणि गंभीरपणे करणाऱ्यांसाठी वेगळी व्यावसायिक शिडी असते. परीक्षा वाईट नाहीत. पण सहा-सहा महिने परीक्षेचे तेच तुकडे घोटून घेणाऱ्या वर्गात मुलं तुकडे शिकतात, नाच नाही.

आणखी काही प्रश्न थेट विचारायचे. दुरुस्ती करताना मुलाला हात लावण्याआधी विचारता का? तक्रार कोणाकडे करायची? पोशाख, कार्यक्रम, परीक्षा यांचे पैसे फीमध्ये धरलेत का? दुखापत झालेल्या मुलाला वर्गात बसून बघायला लावता की घरी पाठवता? उत्तर देताना कोणी चिडलं, तर तेच उत्तर. मोठं नाव म्हणजे मुलं सुरक्षित, असं नसतं. 2019 साली व्हिएन्ना स्टेट ऑपेराच्या बॅले अकादमीत मुलांना मिळणाऱ्या वागणुकीवरून चौकशी आयोग नेमावा लागला होता.

पॉइंट शूजची घाई

सगळ्यात जास्त रडारड इथे होते. मैत्रिणीला पॉइंट शूज मिळाले, मला का नाही? पॉइंट म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकांवर उभं राहून नाचणं, आणि हे त्यासाठीचे कडक टोकाचे बूट. साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी पॉइंट सुरू करू नये, आणि नुसतं वय भरलं म्हणूनही करू नये. काही वर्षांचं नियमित शिक्षण हवं, आठवड्याला निदान दोन वर्ग हवेत, आणि पोट-पाठ-घोट्यात ताकद हवी. फिजिओथेरपिस्ट किंवा जाणत्या शिक्षिका जे बघतात, त्यातलं थोडं आपल्यालाही दिसतं. पाय सरळ पसरून बसवा आणि पाऊल ताणायला सांगा. नडगीपासून पावलाच्या वरच्या भागापर्यंत सरळ रेष यायला हवी. एका पायावर, गुडघा न वाकवता, टाच पूर्ण वर उचलत वीसेक वेळा चढता-उतरता यायला हवं. मग विमान: एका पायावर उभं राहून धड पुढे झुकवायचं, दुसरा पाय मागे लांबवायचा, आणि तोल राखून उभ्या पायाचा गुडघा वाकवत हात जमिनीकडे न्यायचे. पाच वेळा. गुडघा दर वेळी आत पडत असेल तर अजून वेळ आहे. हे बघणं आपल्या समजुतीपुरतं. अंतिम शब्द शिक्षिकेचा. आणि ‘नको’ म्हणणाऱ्या शिक्षिकेशी मुलीसमोर वाद घालू नका.

पहिली जोडी अनुभवी माणसाकडूनच मापून घ्या. वाढत्या अंगाचे म्हणून एक नंबर मोठे घ्यायची आपली सवय इथे घातक आहे, कारण सैल बुटात पाऊल खाली सरकतं आणि सगळा भार बोटांवर येतो. उभं राहिल्यावर बोटं सरळ, टोकाला टेकलेली हवीत, दुमडलेली नकोत. कोणाचे वापरलेलेही घेऊ नका. पुढचा कडक डबा आणि तळाची पट्टी दुसऱ्याच्या पावलाला वळलेली असते. रिबिनी शिवण्याआधी शिक्षिकेला दाखवा, टाका घातला की बूट परत घेत नाहीत.

शिवणकाम आमच्या घरी माझ्याकडे आहे. टाचेचा भाग आतल्या बाजूला दुमडायचा. घडी जिथे पडते, तिथे दोन्ही बाजूंना रिबिनी, किंचित पुढे कललेल्या. जाड दोरा किंवा दात साफ करायचा फ्लॉस वापरा, साधा दोरा टिकत नाही. कडेच्या पन्हळीत ओढदोरी असते, ती टाक्यात अडकली तर बूट आवळताच येत नाही. म्हणून सुई आतल्या कापडातून खेळवायची, बाहेरच्या सॅटिनवर टाका दिसू द्यायचा नाही. रिबिनीची टोकं मेणबत्तीवर हलकेच भाजायची, म्हणजे धागे सुटत नाहीत. गाठ घोट्याच्या आतल्या खळगीत बसवायची, मागच्या जाड शिरेवर कधीच नाही. वर्ग संपला की बूट पिशवीत कोंबू नका. घामाने आतला गोंद मऊ पडतो. हवेशीर जागी सुकू द्या.

सुरुवातीचे महिने पॉइंटचं काम दहा-पंधरा मिनिटांचं, वर्गाच्या शेवटी, बार धरून. त्यापेक्षा जास्त चाललं असेल तर विचारा.

उंची वाढते तेव्हा

एखाद्या वर्षी मूल भराभर उंच होतं आणि काल जमणारी गिरकी आज जमत नाही. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून पोचतात. लवचीकता आणि तोल काही काळ हरवतो. शिक्षिका ‘आळस वाढलाय’ म्हणाल्या तर हे त्यांना सांगा. याच काळात टाच किंवा गुडघ्याखालची गाठ दुखू लागते. उड्या कमी कराव्यात, आणि स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय विरुद्ध दिशांना पसरून बसताना, कोणी मागून दाबत असेल तर ते बंद करावं. दोन्ही पोटऱ्या दुखतात आणि दोन-तीन दिवसांत थांबतात, ते चालायचंच. एकाच पायाच्या हाडावर बोट ठेवून ‘इथेच’ दुखतं, रात्रीही दुखतं, तर डॉक्टरकडे.

वजनाविषयी मी कडक आहे. वर्गात वजनकाटा असेल, किंवा सगळ्यांसमोर कोणाच्या पोटावर शेरे मारले जात असतील, तर दुसऱ्या दिवशी शाळा बंद. सरावाच्या मानाने पोटात कमी गेलं की हाडं, पाळी, मन सगळंच बिघडतं. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 साली याला रेड-एस असं नाव दिलं. पाळी सलग तीन महिने आली नाही, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत सुरूच झाली नाही, तर ‘नाचणाऱ्या मुलींचं असंच असतं’ हे ऐकून घेऊ नका.

घरी शिक्षक होऊ नका. वर्गातून परतताना दुरुस्त्या सांगायच्या नाहीत, व्हिडिओ दाखवून चुका मोजायच्या नाहीत. मुलगा बॅले करत असेल आणि चिडवला जात असेल, तर शाळेत अजून मुलगे आहेत का आणि पुरुष शिक्षक आहेत का, हे निवडतानाच बघून ठेवा. एकट्याने टिकणं अवघड जातं.

पूर्णवेळ शाळेचा विषय निघाला, तर आधी तिच्या उन्हाळी वर्गाला पाठवून बघा. तिथल्या चाचणीत खुबे, पावलं, पाठ तपासतात, त्यामुळे नकार बऱ्याचदा हाडांच्या ठेवणीला असतो, मेहनतीला नाही. हे मुलाला जाण्याआधीच सांगा. अभ्यास सोडू देऊ नका. पॅरिस ऑपेरासारख्या मोठ्या कंपनीतही बॅले नर्तक 42 व्या वर्षी निवृत्त होतात.

शाळा बदलायची झाली तर जुन्या शिक्षिकेला आपण होऊन आधी सांगा, परीक्षेच्या तोंडावर नको. नव्या ठिकाणी एक पायरी खाली बसवलं तरी कुरकुर करू नका. पद्धत बदलली की क्रमांकही बदलतात: वागानोव्हात हातांची जी तिसरी स्थिती, तीच आरएडीत पाचवी, आणि त्या गोंधळातून बाहेर यायला मुलाला काही आठवडे लागतातच.